ओढ्याकाठचे बारा गुंठे

गुढीपाडवा, सकाळचे साडेनऊ. रक्कम एकवीस हजार रुपये, पाचशेच्या बेचाळीस नोटा. हजर तिघे: मी, माझी बायको आणि आमचं शेत ठोक्याने करणारे आबा. आमचं घर बौद्ध, त्यामुळे दारात गुढी नसते. पण झरी या आमच्या बाजारगावाच्या आसपास शेतीचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत धरतात, आणि ते सगळ्यांनाच धरावं लागतं. ठोका म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम आधीच मोजून द्यायची. पुढे पीक येवो न येवो, मालकाने विचारायचं नाही. आबांनी नोटा दोनदा मोजल्या, मी एकदा मोजल्या, आणि वहीत लिहिलं.

त्या एकवीस हजारांतले अठरा हजार शेताचे होते आणि तीन हजार ओढ्याकाठच्या बारा गुंठ्यांचे. ते तीन हजार घ्यायचं माझं ते तिसरं वर्ष. पुढे जे झालं ते या तीन हजारांमुळे झालं, म्हणून आधी त्यांचा हिशेब सांगतो.

मी एका शाळेत लिपिक आहे. गावात मात्र शाळेत नोकरीला असलेला प्रत्येक माणूस सरच असतो, तसा मीही सर. वडिलांमागे दोन एकर जमीन माझ्या वाट्याला आली. तिचा उतार उत्तरेकडे, ओढ्याकडे आहे. ओढ्याच्या कडेने शेताची रुंदी साठ मीटर. या सगळ्या कडेने वडिलांनी वीस मीटर रुंदीची पट्टी कधी नांगरली नाही. तिच्यात मारवेल आणि पवना गवत असायचं, मध्ये दोन-चार बोरी. वडील तिथे बैल बांधायचे. पट्टी का राखली हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला ती पडीक जागा वाटायची.

आबा गावातले छोटे शेतकरी. त्यांची स्वतःची तीन एकर जमीन आमच्या शेताला लागून आहे. वडील गेल्यापासून आमचं शेत तेच करतात. एका पाडव्याला ते म्हणाले की ट्रॅक्टरला वळायला ती पट्टी आडवी येते, गवतामुळे उंदीर होतात, ती मोकळी केली तर बारा गुंठे वाढतील. मी लगेच वहीच्या कडेला गणित केलं. पट्टी सोडून ऐंशी गुंठ्यांचे अठरा हजार म्हणजे गुंठ्याला दोनशे पंचवीस. बाराचे सत्तावीसशे. आबा म्हणाले, तीन हजार धरा. मी धरले. त्या उन्हाळ्यात जेसीबी तीन तास चालला, बोरी गेल्या, गवत गेलं आणि काळी माती थेट ओढ्याच्या काठापर्यंत सपाट झाली. बघायला छान दिसत होती, हेही लिहून ठेवतो.

आमच्या शेताच्या खाली, ओढ्याच्याच काठावर, तीनशे पावलांवर आमच्या वस्तीची विहीर आहे. गावाच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी नव्हतं, तेव्हा छप्पन सालानंतर आमच्या आजोबांच्या पिढीने ती स्वतः खोदली. बेचाळीस हात खोल, दगडाने बांधलेली. वस्तीत एकतीस घरं आहेत. नळ आले, बोअर झाले, तरी डाळ शिजवायला बाया अजून विहिरीचंच पाणी नेतात. बोअरच्या पाण्यात तूर डाळ शिजता शिजत नाही.

या विहिरीचा दोर गाठींचा आहे. दर हाताला एक गाठ. उन्हाळ्यात पाणी किती खाली गेलं ते मोजायला जुन्या माणसांनी त्या मारल्या असाव्यात. पण बाया त्या दुसऱ्याच कामाला वापरतात. पाऊस पडून विहीर गढूळ झाली की रिकामी स्टीलची घागर पाण्यात सोडायची आणि ती किती गाठींपर्यंत दिसते ते बघायचं. "आज दीड गाठीचं पाणी हाय" म्हणजे अजून गढूळ. चार गाठींपर्यंत घागर दिसली की पाणी निवळलं, प्यायला घ्यायचं. मला हे माप लहानपणापासून आवडतं, कारण त्यात वाद नाही. घागर दिसते किंवा दिसत नाही.

मी पाच वर्षांपासून या गाठी वहीत लिहितो. पहिला मोठा पाऊस झाल्यापासून चार गाठी व्हायला किती दिवस लागले, एवढंच. पैशांचा हिशेब वहीच्या पुढून आणि पाण्याचा मागून, अशी माझी सवय. मागच्या पानांवर आकडे होते: पाच दिवस, सहा दिवस, नऊ, बारा. पुढच्या पानांवर ठोका: अठरा हजार, अठरा हजार, एकवीस, एकवीस. दोन्ही मीच लिहिलेलं, एकाच शाईने. वही मी कधी दोन्ही बाजूंनी उघडून बघितली नाही. ही चूक माझी, आणि ती कबूल करायला मला एक पावसाळा लागला.

त्या पाचव्या वर्षी विहीर निवळायला तेरा दिवस लागले. निवळल्यावर बायकोने पाणी तपासलं. गावातल्या पाच बायांना पंचायतीने पाणी तपासायची पेटी देऊन शिकवलं आहे, त्यांतली ती एक. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, पुडी टाकायची, दहा मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग कार्डावरच्या रंगाशी जुळवायचा. नायट्रेटचा रंग गुलाबी येतो. पंचेचाळीसच्या आत असलं तर चालतं. आमची नळी पंचेचाळीस आणि शंभरच्या मध्ये कुठेतरी होती. तिने तीन वेळा करून पाहिलं. मी चौथ्यांदा करायला लावलं. तेच.

तिने ते पंचायतीच्या रजिस्टरला तसंच लिहिलं. मी म्हणालो नाही की लिहू नको, पण मनात आलं होतं. ती म्हणाली, "तान्ह्या लेकराला हे पाणी द्यायचं न्हाई असं शिकवलंय आमाला. वस्तीत दोन लेकरं हायेत. मी खोटं कशी लिहू?"

आठ दिवसांनी ग्रामसेवक आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांच्याकडे एक कागद होता: सदर विहीर पिण्यास अयोग्य असल्याने कायमची बंद करण्यास ग्रामस्थांची हरकत नाही. खाली एकतीस घरांच्या सह्यांसाठी रेघा. विहिरीच्या तोंडावर सिमेंटचा स्लॅब टाकायचा आणि नोंद कमी करायची. त्यांनी मला पहिली सही करायला सांगितली, कारण मी केली की बाकीचे करतील.

मी कागद वाचला आणि परत दिला. म्हणालो, तुम्ही 'सध्या पिऊ नये' अशी पाटी लावा, मी स्वतः खिळा ठोकतो. आकडा मर्यादेबाहेर आहे, तो मी नाकारत नाही. पण 'कायमची' हा शब्द मला मान्य नाही. विहिरीने काही केलेलं नाही. तिच्यात जे येतं ते कुठून येतं हे आधी बघा.

ते म्हणाले, "सर, तुम्हाला योजनेचा नळ आहे ना? मग हट्ट कशाला?"

नळाला चौथ्या दिवशी चाळीस मिनिटं पाणी येतं, हे मी सांगितलं. पण माझा खरा मुद्दा दुसरा होता. योजनेची विहीर दुधना नदीच्या पात्रात आहे, आणि आमचा ओढा दुधनेला मिळतो तो तिच्या वरच्या अंगाला. आमच्या विहिरीत जे येतं तेच पुढे दोन किलोमीटर जाऊन त्या नळाला येतं, फक्त जास्त पाण्यात मिसळून. मी म्हणालो, "आज आमची विहीर झाका. मग ती योजनेची विहीर कधी झाकणार ते सांगा. आणि दुधना पुढं पूर्णेला जाते, पूर्णा गोदावरीला. झाकण केवढं करायचं तेबी ठरवा."

ग्रामसेवक हसले. म्हणाले, पंधरा दिवस देतो, कुठून येतं ते दाखवा. नाहीतर सही करा. मी म्हणालो, दाखवतो. सहीचं मी काही म्हणालो नाही.

खरं सांगतो, मला ते कुठून येतं हे आधीच माहीत आहे असं वाटत होतं. ओढ्याच्या वरच्या बाजूला एका बागायतदाराची वीस एकर जमीन आहे. ऊस आणि हळद. खताच्या गोण्या ट्रॉलीने येतात. माझ्या मनात अर्ज तयार होता, विषयाची ओळसुद्धा. फक्त आकडे भरायचे बाकी होते.

झरीच्या बाजारातून मी एकाच मापाच्या सात पारदर्शक बरण्या आणल्या. ओढ्यावर सात जागा ठरवल्या: पहिली बागायतदाराच्या शेताच्या वर, दुसरी त्याच्या शेताच्या मध्यावर, तिसरी त्याच्या शेताच्या खाली, चौथी-पाचवी मधल्या दोन शेतांच्या खाली, सहावी आमच्या शेताच्या खाली, सातवी विहिरीजवळ. ओढा वाहता असताना एका तासात सातही बरण्या भरायच्या, घरी खिडकीत एक दिवस न हलवता ठेवायच्या आणि तळाला बसलेला गाळ शाळकरी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा. वरचं पाणी बायकोने पेटीने तपासायचं.

पहिल्या वेळी गाळ असा आला: तीन, चार, सहा, सहा, सात, तेरा, बारा.

मी पट्टी पुसून पुन्हा मोजलं. सहाव्या बरणीत तेराच. मला वाटलं ती बरणी भरताना तळ ढवळला गेला असेल. चार दिवसांनी पाऊस झाला, पुन्हा भरल्या. तीन, तीन, सहा, सहा, सहा, बारा, बारा. एकदा मोजलेलं मी मोजलेलं धरत नाही, दोनदाही धरत नाही; तिसऱ्यांदा भरल्या. चार, चार, सात, सात, आठ, चौदा, तेरा. गुलाबी रंगही सहाव्या बरणीतच एकदम गडद व्हायचा.

वीस एकरांच्या बागायतीने तीन मिलिमीटर वाढवले होते. माझ्या दोन एकरांनी सहा.

मी छत्री घेऊन शेतावर गेलो. जे दिसलं ते तीन वर्षांपासून तिथेच होतं. ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने मिळतो, आणि पेरणीची ओळ जितकी लांब तितका वळण्यात कमी वेळ जातो, म्हणून आबांनी पेरणी उताराला आडवी न करता उभी केली होती. बैलाच्या काळात वडील आडवी करायचे. आता सोयाबीनच्या प्रत्येक दोन ओळींमधून पाणी सरळ खाली येत होतं, चहाच्या रंगाचं, आणि जिथे पूर्वी गवतात शिरून मंद व्हायचं तिथे आता काहीच नव्हतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या ओढ्याकडच्या कडेवर, बोट-बोट खोल घळी पडल्या होत्या. वरून टाकलेल्या खताचे पांढरे दाणे एका घळीत अडकलेले मी हाताने उचलले. ते माझ्याच शेतातून माझ्याच विहिरीकडे निघाले होते, आणि त्या रस्त्याचे मी वर्षाला तीन हजार घेत होतो.

घरी येऊन मी वही दोन्ही बाजूंनी उघडली. बायकोने बघितली. तिने मला धीर दिला नाही आणि टोमणाही मारला नाही. एवढंच विचारलं की मी हे सभेत वाचणार का. मी म्हणालो, बागायतदाराचा आकडा वाचावाच लागेल. ती म्हणाली, "सातच्या सात वाचा. न्हाईतर एकबी वाचू नका."

ग्रामसभा पंचायतीसमोर लिंबाखाली झाली. चाळीसेक माणसं असतील. मी सात बरण्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि तीन पावसांचे एकवीस आकडे वाचले. सहावी जागा कोणाची हे सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, तो मी मुद्दाम काढला होता.

बागायतदार पुढच्या खुर्चीवर होता. त्याला मनापासून आनंद झाला. "म्हंजे सर, चोर तुमच्याच घरात घावला की," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, सरांनी सोताच्याच धुऱ्याचा पंचनामा केला. पुन्हा हसले. मी हसू संपेपर्यंत थांबलो.

मग म्हणालो, "घावला. त्याचं नाव मीच सांगितलं. माझे सहा माझे. तुमच्या शेतापाशी तीन वाढलेत, ते कोन सांगणार?"

तो म्हणाला की तीन म्हणजे काहीच नाही. मी म्हणालो, बरोबर, माझ्या निम्मे. मी माझे सहा कमी करून दाखवतो, मग तुमचे तीन सभेत एकटेच उरतील आणि लय मोठे दिसतील. या वेळी जे हसले ते वेगळे होते.

सरपंचांनी विचारलं, मग विहिरीच्या कागदाचं काय? मी म्हणालो, कागद कोरा ठेवा. पाटी लागलेली आहे, एकतीस घरांनी प्यायचं पाणी बंद केलं आहे. आम्ही आमचं पाणी अर्ध्या किलोमीटरवरून शाळेच्या बोअरवरून आणतो आहोत, मी स्वतः स्कूटरवर वीस लिटरचे दोन कॅन रोज. एक पावसाळा थांबा. ग्रामसेवक म्हणाले की वरून विचारणा होते. मी म्हणालो, वर लिहून कळवा की लिपिक सही देत नाही. माझं पद आणि पत्ता दोन्ही त्यांना माहीत होतं.

पंधरा दिवस उलटल्यावर ते तरीही रंगाचा डबा घेऊन आले, विहिरीच्या कठड्यावर लाल फुली मारायला. लाल फुली म्हणजे बंद करण्याची पहिली पायरी. वस्तीतल्या बाया विहिरीवर धुणं धूत होत्या, कोणी उठलं नाही. माझी बायको फुलीच्या जागी हात टेकून उभी राहिली. म्हणाली, "साहेब, रंग लावायचाच हाय तर आमच्या धुऱ्याला लावा. चला, मी दाखविते जागा. इथं कामून लावता?" ग्रामसेवकांनी डबा उघडलाच नाही. जाताना त्यांनी मला विचारलं की ती बरण्यांची पद्धत दुसऱ्या गावात सांगितली तर चालेल का. मी म्हणालो, चालेल, आधी आपल्या गावात ऐका.

आता राहिले आबा. त्यांना समजावणं सभेपेक्षा अवघड होतं, कारण त्यांची बाजू खरी होती. ठोका पाडव्यापर्यंतचा, पैसे मी घेतलेले, आणि बारा गुंठ्यांवर त्यांचं सोयाबीन गुडघ्याला आलेलं. मी शेतात जाऊन सांगितलं की मला पट्टी परत हवी, तिच्यात गवत लावायचं आहे. ते खुरपं हातात घेऊन बांधावर बसले आणि ओढ्याकडे बघून म्हणाले,

"सर, पाडव्याला तुमी नोटा मोजून घेतल्या. तवा वढा न्हवता का हितं?"

मी म्हणालो, होता.

"विहीर न्हवती?"

"होती."

"मंग आता तुमच्या बरण्या उभ्या राहिल्या म्हणून माझं पीक आडवं करू का मी?"

मी म्हणालो की पीक काढायला मी सांगत नाही, सोयाबीन त्यांचंच. ते निघाल्यावर हरभरा त्या पट्टीत पेरू नये, आणि बाकीच्या शेतात पेरला तर आडवा पेरावा. आबा म्हणाले की आडव्या पेरणीला ट्रॅक्टर दुपटीने फिरतो, तो काय वडलांचा बैल आहे का. मी म्हणालो, जादा वेळ जितका लागेल तितके पैसे मी देतो, घड्याळ लावून. पट्टीचं अर्धं साल उरतं, त्याचे पंधराशे परत. ते म्हणाले, "पैशाचं तुमचं चोख असतंय, ते मला माहीत हाय. पण गवत लावून तुमाला काय भेटनार?" मी विहिरीचं सांगू लागलो तर त्यांनी मधेच थांबवलं. म्हणाले, विहिरीचं कळलं मला, मीबी तिचंच पाणी पितो शेतात काम करताना. मी विचारतोय की वरचा बागायतदार तर नांगरतोच आहे काठापर्यंत, मग तुमीच येडे का?

मी उत्तर दिलं ते असं: वरच्याने पट्टी ठेवली नाही म्हणून मी ठेवायची नाही, असं मी मानलं तर ओढ्यावर सगळेच माझ्याकडे बोट दाखवतील आणि सगळेच बरोबर असतील. मला त्या रांगेतून बाहेर पडायचं आहे. बाहेर पडलो की मला बोलता येतं. आज मला बोलता येत नाही.

आबा उठले. म्हणाले, गवत कापून जनावराला नेलं तर चालंल ना? मी म्हणालो, चालेल, मुळापासून उपटू नका. तिथे आमचा करार झाला. लिहिला मी घरी येऊन.

सोयाबीन निघाल्यावर चार बायांनी दोन दिवस मारवेलची ठोंबं लावली. ठोंबं दुसऱ्या एका बांधावरून फुकट मिळाली. वरच्या अंगाला कमरेपेक्षा थोडा कमी उंचीचा बांध आम्ही दोघांनी आणि आबांनी फावड्याने घातला. हरभरा आडवा पेरताना मी घड्याळ लावून बसलो. पंचेचाळीस मिनिटं जास्त लागली. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं मला वेड लागलं आहे, आणि तो ते झरीच्या बाजारात सांगत फिरला. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला. पाच माणसं, दोन दिवस, पंपाने उपसून. काढलेला गाळ पूर्वी आम्ही काठावरच टाकायचो आणि पहिल्या पावसात तो परत विहिरीत जायचा. या वेळी तो उचलून बांधाच्या वरच्या शेतात पसरला. त्या पाडव्याला नवा ठोका अठरा हजारांचा झाला. आबांनी एकोणीस देऊ केले, गवताचे म्हणून. मी घेतले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात बरण्या पुन्हा भरल्या. पहिल्या तीन जागांचे आकडे जवळपास तसेच. पाचव्या जागी सात, सहाव्या जागी आठ. विहीर आठ दिवसांत चार गाठींवर आली. पाचवर नाही, सहावर नाही, आठ. जे झालं तेवढंच लिहितो. नायट्रेटचा गुलाबी रंग पावसाच्या महिन्यांत अजूनही पंचेचाळीसच्या थोडा वर दिसतो, आणि थंडीत त्याच्या आत येतो. म्हणून वस्तीने ठरवलं आहे की पावसाळ्यात पाटी लावायची, तान्ह्यांसाठी शाळेचं पाणी आणायचं, आणि दिवाळीनंतर बायकोने तीन वेळा तपासून 'आत' लिहिलं की पाटी काढायची. हे पूर्ण बरं झालेलं नाही. ते बरं होण्यासाठी बागायतदाराच्या काठाला पट्टी हवी. मधल्या दोन शेतांपैकी एकाने दहा मीटर सोडली आहे, माझ्या निम्मी, आणि मी त्याचं सभेत जाहीर कौतुक केलं. बागायतदाराने सोडलेली नाही. मी प्रत्येक ग्रामसभेत सात बरण्या मांडतो. तो आता मागच्या खुर्चीवर बसतो. तीन मिलिमीटर मी दर वेळी वाचतो, आवाज न चढवता, आणि पुढच्याही वेळी वाचणार आहे. मला कोणी कंटाळवाणा म्हटलं तर ती तक्रार मी नोंदवून घेतो.

बंद करण्याचा कागद पंचायतीच्या फाइलला आहे. त्यावर एकतीस रेघा आहेत आणि एकही सही नाही. नवे ग्रामसेवक आले, त्यांनी तो पुन्हा माझ्यापुढे ठेवला. मी पेन परत त्यांच्या हातात दिलं.

बारा गुंठ्यांपोटी मी तीन पाडव्यांना नऊ हजार घेतले होते. बायकोचं म्हणणं होतं की ते घरात राहायला नकोत, आणि ते मला पटलं. शेवटी दिले ते असे: आबांना अर्ध्या सालाचे पंधराशे. ट्रॅक्टरवाल्याला जादा पाऊण तासाचे सातशे. गवत लावणाऱ्या चार बायांना, दिवसाला तीनशेप्रमाणे दोन दिवसांचे, चोवीसशे. विहिरीचा गाळ काढणाऱ्या पाच जणांना साडेचार हजार आणि पंपाच्या डिझेलचे दोनशे. एकूण नऊ हजार तीनशे, सगळे रोख, ज्याचे त्याच्या हातात.